पुढे बहात्तर, मागे अठरा

बुडालेल्या तिघांच्याही पायांत चपला होत्या.

पोलिसांच्या पंचनाम्यात ही गोष्ट नीट लिहिलेली होती, पण तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. संगमखेडच्या घाटावर चपला घालून कोणी पाण्यात उतरत नाही. तो दत्ताचा घाट आहे. जीव द्यायला आलेला माणूससुद्धा वरच्या पायरीवर चपला काढून ठेवतो, असं आमचे नावाडी सांगतात. चपला माणूस घालतो तो देवळातून घरी निघताना. दामूअण्णा शेट्यांच्या तर मुठीत घराची किल्ली होती.

तिघांचंही वय सत्तरीच्या पुढे, तिघांनाही विस्मरणाचा आजार, आणि तिघांच्याही उजव्या कानामागे कातडीखाली 'वाटाड्या' बसवलेला. गाव म्हणालं, आजारच तसा आहे. मीही तेच म्हणाले. मग श्रावणातल्या एका सकाळी चौथा माणूस पाण्यात उतरला आणि तो माझा नवरा होता.

मी मंजूषा हसबनीस. गावच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. श्रीपाद भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते, इथे लिहिताना नाव घेते, कारण 'हे' आणि 'ते' यांत वाचणाऱ्याचा गोंधळ नको. आम्हाला मूल नाही. तालुक्यातल्या अर्ध्या बांधांची भांडणं श्रीपादांनी साखळी टाकून मिटवली. डोळे मिटून उत्तर दिशा दाखवणारा माणूस सहा वर्षांपूर्वी एका दुपारी स्वतःच्या घरात न्हाणीघर शोधत उभा राहिला, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

नंतर तालुक्याला स्वस्थान नावाच्या कंपनीचं शिबिर आलं आणि आमच्या गावातल्या चौदा म्हाताऱ्यांना वाटाड्या बसला.

तो काय करतो, ते सांगते. आपल्या कानात, ऐकण्याच्या भागाच्या मागे, तीन बारीक वाकड्या नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की तो द्रव किंचित मागे रेंगाळतो, नळीतल्या केसांना त्याचा धक्का लागतो आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. लहानपणी गोल गोल फिरून थांबलो की जग फिरताना दिसतं ते त्यामुळेच. या आजारात मेंदूचा जो भाग ही वळणं जुळवून 'घर कुठल्या बाजूला' ते ठरवतो, तो सगळ्यात आधी जातो. वाटाड्या त्याचं काम करतो. वाळवंटातली मुंगी दाण्यासाठी वेडीवाकडी भटकते आणि दाणा मिळाला की सरळ रेषेत वारुळाकडे परतते, कारण ती निघाल्यापासूनचं प्रत्येक पाऊल आणि प्रत्येक वळण मांडत असते. वाटाड्याही घराच्या उंबऱ्यापासून तेच मांडत राहतो आणि कानाच्या नसेत एक हलकी ओढ सोडतो: घर या बाजूला आहे. तितकी पावलं झाली की ओढ थांबते. म्हणजे आलं घर. रात्री ठरावीक उशीवर झोपलं की यंत्र चार्ज होतं आणि पाटी कोरी होते.

पहिल्या दिवशी श्रीपाद देवळातून एकटे परत आले, तीनशे दहा पावलं, आणि दारात मला म्हणाले, "मंजू, रस्ता कोणीतरी आतून सांगतं गं." त्या कंपनीला मी तेव्हा मनापासून आशीर्वाद दिला होता.

ती श्रावणातली सकाळ. श्रीपादांचं अनुष्ठान सुरू होतं. औदुंबराला रोज एकशे आठ प्रदक्षिणा, हातात एकशे आठ मण्यांची माळ. बायकोचं नाव कधी कधी विसरत, पण माळ विसरत नसत. साडेनऊ वाजून गेले तरी आले नाहीत म्हणून मी निघाले. देवळात ते नव्हते. आमचं घर देवळाच्या पश्चिमेला आहे, नदी दक्षिणेला. धरणातून पाणी सोडल्यामुळे ती वरच्या पायऱ्यांपर्यंत चढली होती.

श्रीपाद कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, पाठ माझ्याकडे. उजवा हात उचलून समोरच्या हवेत कशावर तरी ठोकत होते. डावा हात खांद्याच्या उंचीवर काहीतरी चाचपत होता. आमच्या दाराची कडी त्याच उंचीवर आहे.

"मंजू," ते म्हणत होते, "दार उघड. किती वेळ झाला ठोकतोय."

मी हाक मारली. त्यांनी मागे पाहिलंच नाही. आवाज दाराच्या आतून यायला हवा होता, मागून आलेल्या आवाजाशी त्यांचं काय काम. त्यांनी पाय उंबरा ओलांडायला उचलतात तसा उचलला. त्याच वेळी नावाड्याने बाजूने नाव घातली आणि काखेत हात घालून त्यांना ओढून घेतलं. नाहीतर पुढच्या पायरीखाली दहा फूट पाणी होतं.

"पाणी दिसलं नाही का हो तुम्हाला?" मी नंतर विचारलं.

"दिसलं की," ते म्हणाले. "म्हटलं, आज अंगणात पाणी कसं आलं."

घरी आणलं तरी ते घरात राहिनात. 'चला, घरी जाऊ' म्हणून तीनदा उठले आणि तीनदा दक्षिणेच्या भिंतीवर जाऊन आदळले. तेव्हा मला बुडालेल्या तिघांतल्या इंदिराकाकूंचं आठवलं. त्यांना मुलाने देवळातून हाताला धरून घरी आणलं होतं आणि भर दुपारी डोळा चुकवून त्या बाहेर पडल्या होत्या. रात्रभर उशीवर डोकं ठेवल्यावर श्रीपाद सकाळी ठीक झाले. म्हणजे आजार नव्हे. आजार रात्रीत बरा होत नाही.

देवळाच्या दारात शालन फुलं विकते. तिच्याकडे चिंचोक्यांच्या पुरचुंड्या असतात, अकराच्या, एकवीसच्या, चोपन्नच्या, एकशे आठच्या. म्हातारी माणसं फेऱ्यागणिक एक चिंचोका पादुकांपाशी टाकतात आणि पुरचुंडी संपली की फेरे संपले. कोणी किती घातल्या ते शालनला विचारावं.

"दामूअण्णा एकशेआठवाले," ती म्हणाली. "माने मास्तर बी. इंदिराकाकूंची एकवीसची. आणि बाई, चुकलेले आणखी दोघं हायेत. बाबूराव वाणी, अकरावाले, ते शाळेच्या मैदानात घावले. विमलताई चोपन्नवाल्या. त्या तर पार उलट्या बाजूला, वीटभट्टीवर. मी म्हनलं, समदे आपापल्या वाटेनं चुकत्यात."

आपापल्या वाटेने चुकतात हे मला डाचलं. खरोखर हरवलेला माणूस कुठेही जातो, त्याला वाट नसते.

श्रीपादांच्या पेटीत गावचा नकाशा होता, त्यांच्याच हातचा. तो मी जेवणाच्या टेबलावर पसरला आणि शाळेतला मोठा लाकडी कोनमापक काढला. देवळापासून प्रत्येकाच्या घराकडे एक रेघ मारली, आणि तो माणूस जिथे सापडला तिकडे दुसरी. दोन रेघांमधला कोन मोजला. सगळे जण घराच्या डाव्या बाजूला भरकटले होते. अकरा फेऱ्यांचे बाबूराव चव्वेचाळीस अंश. एकवीस फेऱ्यांच्या इंदिराकाकू चौऱ्याऐंशी अंश. चोपन्न फेऱ्यांच्या विमलताई दोनशे सोळा.

चव्वेचाळीस भागिले अकरा, चार. चौऱ्याऐंशी भागिले एकवीस, चार. दोनशे सोळा भागिले चोपन्न, चार. दर फेऱ्याला यंत्र चार अंश जास्त मोजत होतं. माणूस तीनशे साठ अंश फिरून होता तिथे यायचा आणि यंत्राच्या लेखी तीनशे चौसष्ट फिरलेला असायचा.

पण एकशे आठवाल्यांचं जमेना. दामूअण्णा, माने मास्तर आणि श्रीपाद, तिघांचा कोन बहात्तर. एकशे आठ चोक चारशे बत्तीस व्हायला हवेत. पाच मिनिटं मी तशीच बसून राहिले, आणि मग मला स्वतःचीच लाज वाटली. एकतीस वर्षं फळ्यावर हेच लिहीत आले होते. चारशे बत्तीसमधून पूर्ण फेरा काढा, तीनशे साठ. उरले बहात्तर. 'मुलांनो, पूर्ण फेरे विसरा, बाकी तेवढी खरी.' किती मोठ्या तोऱ्यात सांगायचे मी. हजार अंश फिरलेला माणूस आणि दोनशे ऐंशी अंश फिरलेला माणूस एकाच दिशेला तोंड करून उभे असतात, तेव्हा फेऱ्यांची फिकीर कशाला. ज्याने हे यंत्र लिहिलं त्यालाही कोणीतरी असंच शिकवलं असणार. यंत्र दर पूर्ण फेऱ्याला तो फेरा टाकून देत होतं आणि बाकी तेवढी जपत होतं. किती फेरे झाले हे त्याच्यापाशी नव्हतंच, त्यामुळे चूक साचते आहे हे त्याला कळायचा मार्गही नव्हता.

घराच्या डावीकडे बहात्तर अंशांवर, तीनशे दहा पावलांवर, काय आहे हे मला नकाशात बघायची गरज नव्हती.

कंपनीत फोन केला. तीन ठिकाणी फिरून शर्वाणी नावाच्या इंजिनियर मुलीपर्यंत पोचले. तिने मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तीनशे साठात चार म्हणजे शेकडा एकाच्या जरासं वर," ती म्हणाली. "मान्य मर्यादेत बसतं ते."

"चाचणी कशी घेतलीत?"

"फिरत्या खुर्चीत. शंभर फेरे उजवीकडे, शंभर डावीकडे. शेवटी चूक शून्य आली."

"येणारच. उजवीकडची चूक डावीकडे फिटली. दोन्हीकडे सारखे फेरे का दिलेत?"

"माणूस दिवसभरात दोन्हीकडे साधारण सारखाच वळतो, असं धरलंय."

"तू देवळात जातेस का गं?"

"जाते," ती म्हणाली. "दर गुरुवारी. अकरा घालते."

"कुठल्या बाजूने?"

"उजव्या." तिचा आवाज उतरला. "आमच्या टीममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे मॅडम. सगळे देवळात जातात. पण खुर्चीची चाचणी लिहिताना कोणालाच आठवलं नाही."

त्या मुलीचा मला राग यायला हवा होता. आला नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे, पण डोक्यातल्या यंत्रात एक ओळ बदलायलाही परवानगी लागते, आणि तिला चार महिने लागतील, असं तिने सांगितलं. यंत्र मधेच बंद केलं तर तोलच जाईल, कारण मेंदूने स्वतःचं काम आता सोडून दिलंय. देशात चाळीस हजार माणसांना ते बसवलंय. हरवलेल्यांच्या नोंदी येतात, त्यांवर 'आजाराची वाढ' असा शेरा पडतो. मी आजच वर कळवते, म्हणाली. शेवटी म्हणाली, "मॅडम, सरांना फेरे घालू देऊ नका."

बोलणाऱ्याचं काय जातं. दुसऱ्या दिवशी मी दाराला आतून कुलूप घातलं. श्रीपाद दुपारपर्यंत दारापाशी उभे राहिले, जेवले नाहीत, पाण्याचा घोट घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी दार इतकं ठोकलं की मनगट सुजलं. त्या माणसाकडे दिवसभरात 'आपलं' म्हणावं असं ते एकच काम उरलं होतं आणि मी ते काढून घेतलं होतं. पाचव्या दिवशी मी कुलूप काढलं.

मग मी गणिताकडे वळले. नव्वद फेरे घातले तर नव्वद चोक तीनशे साठ, म्हणजे बाकी शून्य, म्हणजे सरळ घर. मी त्यांची माळ उसवली, अठरा मणी काढले आणि पुन्हा ओवली. नव्वदाव्या फेऱ्याला त्यांच्या बोटांना मेरूमणी लागला तसे ते थांबले. माळ उलटसुलट केली आणि माझ्या हातात दिली.

"ही माझी नव्हे," ते म्हणाले. "कोणाची तरी चुकून आली. देऊन टाक ज्याची त्याला."

बायकोला दिवसातून दोनदा 'आपण कोण' विचारणारा माणूस, पण बोटांना सगळं ठाऊक. मी मणी परत ओवले.

एकशे आठ होणारच असतील तर शून्यावर यायला वाटा दोन. पुढे आणखी बहात्तर, म्हणजे एकूण एकशे ऐंशी, दोन पूर्ण फेरे. किंवा मागे अठरा, उलट दिशेने, म्हणजे उरले नव्वद. मी आधी पुढची वाट धरली. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला दीड तासाच्या फेऱ्यांवर आणखी एक तास चालवायला घेतलं. जास्तीच्या एकतिसाव्या फेऱ्याला गुडघा मुडपला आणि ते औदुंबराच्या पारावर कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, पुन्हा असं नको. जागच्या जागी डावीकडे फिरवून पाहिलं, तर तिसऱ्या गिरकीला ओकले.

उरले मागचे अठरा.

देवस्थानचे सचिव गजाननराव पुजारी यांना मी विचारायला गेले. भला माणूस आहे. माझा हिशेबाचा कागद त्यांनी दोनदा वाचला.

"बाई, गणित बरोबर असेल तुमचं," ते म्हणाले. "पण महाराजांभोवती उलटी प्रदक्षिणा? ती कशाभोवती घालतात हे मी तुम्हाला सांगायला हवं का?"

"नको. मला माहीत आहे."

"खांद्यावर मडकं घेऊन घालतात. चितेभोवती."

"देवाभोवती नाही घालणार. बाहेर, चपलांच्या पलीकडे मोकळी जागा आहे, तिथे घालू. मधे काहीच नाही."

त्यांनी कागद घडी घालून मला परत दिला. "मधे काहीच नसताना उलटं फिरायचं," ते म्हणाले, "हे तर मला आणखीच बरं वाटत नाही. पण बाहेरची जागा माझ्या ताब्यात नाही. घाला."

बाकीच्या घरांना मी कागद वाटले होते. जास्तीचे किंवा उलटे फेरे घालायला एकही घर तयार झालं नाही. त्यांनी म्हाताऱ्यांना बांधून ठेवलं. विमलताईंना खरोखरच पलंगाला बांधलं होतं, मी पाहिलं ते.

पहिल्या दिवशी एकशे आठावा फेरा झाल्यावर मी श्रीपादांचा हात धरून त्यांना मोकळ्या जागेत आणलं. "आणखी थोडं चालायचंय," म्हटलं. मी पुढे, ते मागे, डावीकडून. दोन फेरे ते मुकाट चालले. तिसऱ्याला त्यांची चाल बदलली. पाय ओढत, मान खाली घालून. डावा खांदा वर उचलला गेला होता, त्यावर काहीतरी तोलून धरल्यासारखा, आणि मला त्यांच्या वडिलांचा दिवस आठवला. तिथे नदीकाठी श्रीपाद असेच चालले होते.

सातव्या फेऱ्याला त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही हो."

"मग हे काय चाललंय?"

गणित सांगून काय उपयोग होता. ते मधल्या रिकाम्या जागेकडे बघत चालत राहिले. बाराव्या फेऱ्याला मी वळून पाहिलं तर त्यांचे डोळे वाहत होते.

"मंजू कुठाय?" त्यांनी विचारलं. "सगळे आलेत, ती दिसत नाही."

"मी इथेच आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं, आणि मग पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे. मला कळलं की त्यांनी आपलं उत्तर काढलंय. मी थांबू शकले असते. पण सहा फेरे उरले होते आणि सहा चोक चोवीस अंश डावीकडे अजून नदीच होती.

अठरावा फेरा झाला. श्रीपादांनी तोंड पश्चिमेला वळवलं आणि ते चालू लागले. सरळ. तीनशे दहा पावलं, एकदाही न अडखळता. मी मागून मोजत होते आणि त्या अभागी क्षणीसुद्धा उत्तर बरोबर आल्याचा आनंद मला झाला. तो झाला हे मी लपवणार नाही.

दारात ते थांबले. आत जाईनात.

"आंघोळीला पाणी काढा," ते मला म्हणाले. "तसंच आत जायचं नाही. आमची ही गेली."

त्या दिवशी दुपारभर ते ओट्यावर बसून माझ्याबद्दल बोलले. लग्नानंतर मला पहिल्यांदा मोजणीला नेलं तेव्हा मी साखळीचं टोक धरून उन्हात तासभर उभी राहिले आणि तक्रार केली नाही, हे त्यांना आठवत होतं. मूल झालं नाही तेव्हा मी त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही, हेही. त्यांनी यातलं काही मला कधी सांगितलं नव्हतं. मी समोर बसून ऐकत होते आणि मधेमधे 'हो का' म्हणत होते. इतकं चांगलं माझ्याबद्दल कोणी बोललं नाही, आणि मला ते ऐकवेना.

सकाळी उशीवरून उठले ते हसत. "मंजू, माळ दे." काहीच आठवत नव्हतं. मला हायसं वाटलं. म्हटलं, पाटी कोरी होते. रोज दुपारी मरायचं आणि रोज सकाळी उठायचं, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. नदीपेक्षा हे बरं.

चाळीसेक दिवसांनी शालनने मला हाक मारली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"बाई, राग मानू नका. पाच-सहा दिस झालं, साहेब येताना सकाळी हार घेत्यात रोज, पिशवीत घालून. झेंडूचा. परवा मी विचारलं, कुणाला ओ साहेब? तर म्हनले, बायकोच्या फोटूला."

"दुपारी नेतात, की फेऱ्यांच्या आधी?"

"आधी, बाई. सकाळी येताना."

घरी येऊन शोधलं. आमचा लग्नाचा फोटो मागच्या खोलीत कपाटामागे उभा करून ठेवला होता. पाच-सहा हार होते, सगळ्यांत खालचा सुकून काळा पडलेला. फोटोत श्रीपादांच्या बाजूवर रुमाल टाकला होता, म्हणजे हार फक्त मला.

त्या दिवशी मी शर्वाणीला विचारलं, फेरे विसरतात तर हे कसं राहिलं. ती म्हणाली, यंत्राची पाटी रात्री कोरी होते मॅडम, मेंदूची होत नाही. रोज तीच वाट, तेच रडणं. या आजारात घडलेलं विसरतं, पण पुन्हा पुन्हा वाटलेलं आत कुठेतरी बसत जातं. थांबवता आलं तर थांबवा, म्हणाली.

थांबवून काय करू? बांधून घालू पलंगाला? विमलताई त्या आठवड्यात गेल्या, बांधलेल्याच. मी दोन्ही वाटा पुन्हा मोजल्या. एकीकडे श्रीपाद नाहीत. दुसरीकडे श्रीपाद आहेत आणि त्यांच्यापुरती मी नाही. मला वाटतं, कुठल्याही बायकोने दुसरी घेतली असती. पण इतर घरांनी घेतली नाही, तेव्हा हे मी माझ्यापुरतंच म्हणते.

पुढचे दोन महिने सकाळचं 'मंजू' उशिरा येऊ लागलं. आधी उठल्याबरोबर यायचं, मग चहानंतर, मग एखाद्या दिवशी आलंच नाही. मी अठराचे फेरे चुकवले नाहीत. एकदा ताप होता तरी गेले.

कार्तिकात परवानगी आली. गुरुवारी रात्री, उशीवर डोकं असताना, देशभरच्या यंत्रांत ती एक ओळ बदलली. शर्वाणीने सकाळी सहाला फोन केला. "मॅडम, झालं. आता कितीही घालू देत. तुम्ही सोबत जायचीसुद्धा गरज नाही." तिला बोलताना हुंदका आला.

मी सोबत गेले नाही, पण अंतर ठेवून मागे राहिले, कारण माझा गणितावर विश्वास आहे, कंपनीवर नाही. श्रीपादांनी एकशे आठ पूर्ण केल्या, चपला घातल्या, पश्चिमेला तोंड केलं आणि निघाले. मी मागच्या बोळातून धावत त्यांच्या आधी घर गाठलं आणि दार लोटून आत उभी राहिले. चार महिन्यांत पहिल्यांदा ते फेरे न उलटवता घरी येत होते. पहिल्यांदा त्यांच्या लेखी कोणी गेलेलं नव्हतं.

दारावर थाप पडली. मी उघडलं.

श्रीपाद उंबऱ्याबाहेर उभे होते, कोरडे, सुखरूप, हातात माळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने हात जोडले.

"बरं झालं, तुम्ही आहात," ते म्हणाले. "घरात कोणी नसेल असं वाटलं होतं. आमची मंजू गेली हो, चार महिने झाले. मला तर चहासुद्धा करता येत नाही. तुम्ही येत जाल का रोज?"

मी त्यांच्या हातातली माळ घेऊन खुंटीला लावली.

"येत जाईन," म्हटलं. "आत या."